या नाटकातलं गाव आपलं नव्हे

हौशी मंडळाला नाटक बसवायचं तर संहिता, नट आणि पैसा अशा तीन गोष्टी लागतात, असा एक समज आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींवाचून आमच्या मंडळाचं कधी अडलं नाही.

यंदा मात्र संहितेपासून सुरुवात झाली. मंडळाचे दिग्दर्शक हायस्कुलात भूगोल शिकवतात, म्हणून रशियाशी त्यांचा जुना परिचय आहे. निकोलाय गोगोलचं ‘इन्स्पेक्टर जनरल’ आपल्या मातीत आणायचं त्यांच्या मनानं घेतलं. कार्यकारिणीत कोणीतरी शंका काढली, की पु. ल. देशपांड्यांनी ‘अंमलदार’ नावानं १९५२ सालीच ते आणून ठेवलंय, मग पुन्हा कशाला? सर म्हणाले, ‘‘ते संस्थानी काळातलं झालं. आपण आपल्या गावाचं करू.’’ हा मुद्दा कोणाच्या फारसा गळी उतरला नाही. मग खजिनदारांनी तोंड उघडलं. पुलंचं नाटक म्हणजे परवानगी आली, मानधन आलं. गोगोल १८५२ सालीच वारला. त्याला काही द्यावं लागत नाही. रशियन वाङ्मयाची थोरवी एवढ्या थोडक्यात कोणी समजावून दिली नव्हती. ठराव एकमतानं मंजूर झाला. प्रयोगाची तारीख सरांनी सुचवली ती १ मे. हे नाटक पहिल्यांदा झालं ते १८३६ साली, तिथल्या जुन्या पंचांगाप्रमाणे १९ एप्रिलला; आजच्या कॅलेंडरात तो १ मे येतो. महाराष्ट्र दिनाची सुट्टी असतेच, त्यामुळे गोगोलची ही सोयही सर्वांना आवडली.

नाटक ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. रशियातल्या एका आडगावी बातमी येते, की राजधानीतून तपासणी अधिकारी नाव लपवून निघाला आहे. नगरप्रमुखाची झोप उडते. उडणारच. तिथला न्यायाधीश लाच घेतो, पण रोकडा नव्हे, शिकारी कुत्र्याची पिल्लं घेतो, त्यामुळे मनानं निर्धास्त आहे. कोर्टाच्या ओसरीवर पहारेकऱ्यानं हंस पाळलेत. पोस्टमास्तर लोकांची पत्रं फोडतो, पैशासाठी नाही, निव्वळ वाचनाच्या आवडीनं. खैराती दवाखान्यात महागडं औषध वापरायचंच नाही असं धोरण आहे, कारण बरा होणारा माणूस तसाही बरा होतो. दवाखान्याजवळ देऊळ बांधायला पाच वर्षांपूर्वी पैसे आले होते. बांधायला घेतलं आणि जळालं, असा अहवाल वर गेला आहे. आता अशा गावात खानावळीचं बिल थकवून बसलेला एक फुकट्या कारकून असतो, त्यालाच सगळे साहेब समजतात आणि रांग लावून पैसे देतात. लाच नव्हे, उसने.

सरांनी नगरप्रमुखाचा नगराध्यक्ष केला. कोर्टातल्या हंसांच्या जागी तहसील कचेरीच्या आवारात चरणाऱ्या शेळ्या घेतल्या. खैराती दवाखान्याचं ग्रामीण रुग्णालय झालं आणि न बांधलेल्या देवळाचं न बांधलेलं नाट्यगृह. या शेवटच्या बदलाला त्यांना प्रतिभा वापरावी लागली नाही, खिडकी उघडावी लागली. बाजारपेठेच्या मागे आमचं नाट्यगृह उभं आहे. उभं म्हणजे खांब आणि त्यावर एक स्लॅब. कोनशिला दोन आहेत, कारण पहिल्या कोनशिलेवरच्या मंत्र्यांनी मधेच पक्ष बदलला. रंगमंचाच्या जागी एक बंद पडलेली घंटागाडी लावलेली असते, आणि प्रेक्षागृहात दुपारी म्हशी बसतात. त्या वेळेवर येतात आणि मधे उठून जात नाहीत. असा प्रेक्षक आमच्या मंडळाला अजून लाभलेला नाही.

नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता मुंबईला गेली आणि जशीच्या तशी परत आली. एक काना, एक मात्रा कापलेली नव्हती. सरांनी पेढे वाटले. आम्ही पेढा खाल्ला, पण आम्हांला पुढचं दिसत होतं. मुंबईला काय, आमचं गाव ठाऊक नाही. खरी तपासणी इथे व्हायची होती, आणि तिचं कार्यालय म्हणजे स्मरणिका.

स्मरणिकेचं काम आमच्याकडे होतं. ज्यांना या वाङ्मयप्रकाराची ओळख नाही, त्यांच्या माहितीसाठी: स्मरणिकेत नाटकाविषयी दीड पान असतं आणि बाकीच्या पानांवर नाटकाला हार्दिक शुभेच्छा असतात. मलपृष्ठ, आतलं पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान, असे शुभेच्छांचे दर ठरलेले आहेत. ज्याची ऐपत पाव पानाचीही नाही तो ‘एक हितचिंतक’.

तर पहिल्याच दिवशी आम्ही खासगी दवाखानावाल्या डॉक्टरसाहेबांकडे गेलो. त्यांनी मोठ्या मनानं पूर्ण पान घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘नाटकात दवाखाना आहे म्हणे?’’ आम्ही सांगितलं, आहे, पण सरकारी आहे. ‘‘मग काही हरकत नाही. चांगला धुवा. फक्त ते पेशंटला विनाकारण तपासण्या करायला लावतात असं एक वाक्य आहे ना, ते तेवढं बघा.’’ ते वाक्य आम्ही बघितलं. संध्याकाळी सरकारी दवाखान्यातले साहेब भेटले. ते डॉक्टरसाहेबांचेच साडू निघाले. दवाखान्याचा प्रवेश गेला आणि मुखपृष्ठाच्या आतलं पान भरलं.

पतसंस्थेच्या चेअरमननी मलपृष्ठ घेतलं. त्यांची मागणी अगदी किरकोळ होती. सबंध नाटकात ‘व्याज’ हा शब्द येऊ नये. गावातल्या फुकट्याला सगळे पैसे देतात त्या प्रवेशात पैशाच्या गोष्टी निघतात, पण व्याज निघत नाही, हे आम्ही त्यांना पटवलं. ते म्हणाले, ‘‘तरी बिनव्याजी हा शब्दही नको. गैरसमज होतो.’’ हार्डवेअरवाल्या शेटजींनी नेपथ्यासाठी प्लायवूड आणि खिळे फुकट दिले. नाट्यगृहाला सिमेंटही त्यांच्याच दुकानातून गेलं होतं. नाट्यगृहाचा विनोद गेला. तो आमचा सगळ्यांत हमखास विनोद होता, लाफ्टर घ्यायला जागा सोडून लिहिलेला. पण प्लायवूड एकोणीस एमएमचं होतं.

असं एकेका पानामागे एकेक प्रवेश जात राहिला. एका रात्री सरांनी हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं, की आता नाटकात लाच घेणारा एकच माणूस उरलाय, तो म्हणजे शिपाई. सबंध गावात जाहिरात न देणाराही तो एकटाच होता.

मग नगराध्यक्ष तालमीला आले. अगोदर कळवून आले, त्यामुळे खुर्ची, हार आणि थंड सरबत तयार होतं. नगराध्यक्षाची भूमिका करणारा नट नगरपरिषदेच्याच पाणीपट्टी विभागात कारकून आहे. गेली कित्येक वर्षं तो साहेबांना टेबलाच्या अलीकडून न्याहाळतो आहे. दर दोन वाक्यांनी चष्मा काढायचा, उपरण्याच्या टोकानं पुसायचा आणि ‘‘काय आहे,’’ म्हणून पुढच्या वाक्याला हात घालायचा, ही लकब त्यानं इतकी झकास उचलली होती की विंगेत उभ्या असलेल्या आम्हां लोकांच्या पोटात गोळा आला. नगराध्यक्ष मात्र खो खो हसत होते. मांडीवर थापा मारत होते. अंक संपल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, ‘‘काय आहे, सर, हा आमचा पलीकडच्या तालुक्यातला दोस्त हो! हुबेहूब! टेंडरचा प्रवेश तर असा घेतलाय की बास. त्याला प्रयोगाला बोलवा. पहिल्या रांगेत बसवा. जिरू दे जरा.’’

इथे आम्हांला इंग्रजांची आठवण झाली. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. गोष्ट विराटाच्या घरची, नाटक मराठीत, तरी साहेबाला कीचकाच्या अंगरख्यात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली त्यानं नाटकावर बंदी घातली. परक्या भाषेतल्या, परक्या पुराणातल्या राक्षसी माणसात आपला लाटसाहेब ओळखायचा, याला दर्दी प्रेक्षक लागतो. स्वराज्यात ही रसिकता आपण गमावली.

पण अगदीच गमावलेली नव्हती. ती नगराध्यक्षांच्या स्वीय सहायकांकडे शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. साहेबांना नाटक फार आवडलंय, फक्त ते पात्र नगराध्यक्षाऐवजी ‘माजी नगराध्यक्ष’ केलं तर बरं पडेल. केलं. दुपारपर्यंत माजी नगराध्यक्षांचे कार्यकर्ते आमच्याकडे येऊन बसले. ते विरोधी पक्षाचे, त्यामुळे त्यांचा विनोदावर विश्वास नाही. मग पात्राला ‘प्रशासक’ केलं. हे चांगलं जमलं होतं, कारण निवडणुका रखडल्यामुळे मधली कितीतरी वर्षं बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासकच बसले होते, आणि प्रशासकाला मतदार नसतो. पण त्याला प्रांत कार्यालय असतं. लाउडस्पीकरची परवानगी तिथूनच मिळायची होती.

सरांनी शेवटचा प्रयत्न म्हणून रशियाचा इतिहास काढला. पहिल्या प्रयोगाला खुद्द झार निकोलाय हजर होता. पोट धरून हसला, आणि सगळ्यांना मिळालं, मला सर्वांत जास्त मिळालं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला, असं सांगतात. मंत्र्यांनाही त्यानं नाटक बघायला धाडलं. एकटा गोगोलच नाराज झाला, कारण नटानं त्याच्या नायकाचा विदूषक करून टाकला होता, आणि त्या उन्हाळ्यात तो देश सोडून गेला. सरांचं म्हणणं, झारला चालतं तर यांना का नको? स्वीय सहायक शांतपणे म्हणाले, ‘‘सर, झारला वॉर्ड नव्हते.’’

त्या रात्री सरांनी निर्णय घेतला. नाटक परत रशियात न्यायचं. नगराध्यक्ष नको, माजी नको, प्रशासक नको. अंतोन अंतोनोविच स्क्वोझ्निक-द्मुखानोव्स्की. होऊ दे रशियाची बदनामी. त्यांचं कोणी गावात जाहिरात देत नाही. आणि गंमत बघा, नाटक रशियात जाताच कापलेलं सगळं परत आलं. दवाखाना आला, देऊळ आलं, लाच आली, व्याजसुद्धा आलं. डॉक्टरसाहेब, शेटजी, चेअरमन, सगळ्यांनी कळवलं की रशियाबद्दल त्यांची काहीच हरकत नाही. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आम्ही ठळक छापलं, की या नाटकातलं गाव आपलं नव्हे. ही सूचना मोफत टाकली होती, तरी तिच्याखाली एकानं पाव पान मागितलं.

नावाचा तेवढा घोटाळा झाला. पाणीपट्टीच्या कारकुनाची जीभ स्क्वोझ्निकच्या पुढे जाईना. शेवटी अंतोनअण्णा यावर तडजोड झाली. अण्णांच्या बायकोचं काम करायला बँकेतल्या मॅडम तयार झाल्या. मुलीचं काम ज्यांनी पत्करलं त्या मॅडमच्या मोठ्या बहीण. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही आणि आम्हां कुणाची बोलायची प्राज्ञा नव्हती. कोटांचा प्रश्न बँडवाल्यानं सोडवला. लग्नसराई असूनही त्यानं लाल कोट, सोनेरी झिरमिळ्यांचे खांदे आणि तुरेवाल्या टोप्या एका रात्रीसाठी दिल्या, अट एवढीच की साडेअकराला वरात आहे. अडतीस-चाळीस डिग्रीत, लोकरी कोट घालून, कपाळावरचा घाम पुसत आमची माणसं एकमेकांना ‘‘काय थंडी पडलीय’’ म्हणत होती. रशियाचं याहून करुण दर्शन मॉस्कोलाही घडलं नसेल.

नाट्यगृह नसल्यामुळे प्रयोग मंगल कार्यालयात. मागच्या भिंतीवर आदल्या लग्नातल्या वधूवरांची नावं थर्माकोलच्या अक्षरांत तशीच होती. कार्यालयवाला म्हणाला, फेविकॉलनं चिकटवलीत, निघायची नाहीत. त्यावर बर्फाचा पडदा सोडला. पडद्याच्या वरून ‘चि. सौ. कां.’ एवढं शेवटपर्यंत दिसत राहिलं.

पहिल्या रांगेत सोफे, सोफ्यांवर ज्यांच्यावर नाटक आहे ती सगळी मंडळी, सहकुटुंब. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली आलं, कोकणातल्या गावच्या हौशी नाटकाचे सगळे घोळ त्यात मालवणीत मांडले, आणि मालवणी माणूस स्वतःलाच हसायला तिकीट काढून हजारो प्रयोगांना गेला. आम्ही पडलो घाटावरचे. आमच्याकडे हसायला हरकत नसते, पण तिकीट काढून हसायची पद्धत नाही. मानाची पत्रिका लागते.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. अंतोनअण्णांनी चष्मा काढला, बँडच्या कोटाच्या झिरमिळीनं पुसला आणि म्हणाले, ‘‘काय आहे.’’ बस्स. मागच्या सतरंजीवरून जो हशा उठला तो मिनिटभर थांबेना. सरांनी सहा महिने खपून नाटक गावात आणायचा प्रयत्न केला तेव्हा जे जमलं नव्हतं, ते रशियात नेल्यावर फुकटात झालं. दवाखान्याचं वाक्य आलं, सतरंजीनं टाळ्या पिटल्या आणि डॉक्टरसाहेबांनीही मागे वळून हात उंचावला. त्यांना वाटलं, आपल्या देणगीची घोषणा झाली. देवळाच्या बांधकामाचा विषय निघाला तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, ‘‘म्हशींचं पण सांगा!’’ शेटजींनी बायकोला विचारलं, रशियात म्हशी असतात का?

शेवटच्या अंकात पोस्टमास्तर पत्र फोडतो, फसवणूक उघडी पडते, आणि अंतोनअण्णा चिडून प्रेक्षकांकडे वळतो, तुम्ही हसताय कोणाला असं विचारतो. त्या वेळी पहिली रांग सगळ्यांत जास्त हसली. मग खबर येते की खरा तपासणी अधिकारी आलाय, आणि सगळे जागच्या जागी थिजतात. गोगोलनं कोणी हात कसा धरायचा, मान कुठे वाकवायची, इथपर्यंत लिहून ठेवलंय, आणि हे थिजलेपण जवळपास दीड मिनिट टिकवायला सांगितलंय. तालमीत ते कधी जमलं नव्हतं. प्रयोगात मात्र काय झालं कोण जाणे, एकजात सगळे पुतळे झाले. डास चावताहेत, घाम टिपकतोय, पण एक जण हलेना. आमच्या प्रॉम्प्टरनं हे कधी पाहिलेलंच नव्हतं. त्याला वाटलं, सगळ्यांची वाक्यं एकदम गेली. तो घाबरला, घाबरून वही चाळायला लागला, वही हातातून पडली, उचलली तेव्हा पहिलं पान वर आलं, आणि त्यानं विंगेतून खणखणीत आवाजात पहिल्या अंकातलं पहिलं वाक्य दिलं. अंतोनअण्णा हाडाचा कारकून. वरून आदेश आला की अंमलबजावणी. त्यानं मान सरळ केली आणि जमलेल्या मंडळींना गंभीरपणे कळवलं, की राजधानीतून तपासणी अधिकारी यायचा आहे. समोरचा न्यायाधीश दचकून पहिल्या अंकातलंच उत्तर बोलला. नाटक पुन्हा सुरू झालं. दुसरा प्रवेश रंगात येतोय तोवर बँडवाला कोट मागायला स्टेजवर आला म्हणून, नाहीतर आम्ही पहाटेपर्यंत सुटलो नसतो.

पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या साप्ताहिकात समीक्षण आलं. व्यवस्था बदलत नाही हे सुचवणारी चक्राकार रचना आणि लोककलेतल्या बँडचा धाडसी वापर, याबद्दल दिग्दर्शकाचं खास कौतुक होतं. सरांनी ते लॅमिनेट करून घेतलंय. प्रॉम्प्टर हल्ली स्वतःला सहदिग्दर्शक म्हणवतो.

प्रयोगानंतरची भाषणं व्हायची ती झालीच. नगराध्यक्षांनी चष्मा पुसला आणि रशियातल्या जनतेबद्दल मनापासून सहानुभूती व्यक्त केली. काय आहे, आपल्याकडे असं काही नाही, हे आपलं भाग्य. पण असं होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, हे आपण त्यांच्याकडून शिकलं पाहिजे. तेव्हा स्थायी समितीपुढे विषय ठेवतो, नगरसेवकांचा रशियाला अभ्यास दौरा काढू. टाळ्या. विरोधी पक्षनेत्यांनी जागेवरूनच उठून पाठिंबा दिला आणि दौरा सहकुटुंब असावा अशी उपसूचना मांडली. टाळ्या. चेअरमन म्हणाले, दौऱ्यासाठी पतसंस्था कर्ज देईल. पाणीपुरवठा सभापतींनी सुचवलं, की एवढं लांब जातोच आहोत तर लेखकाचाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा.

सरांनी माईक हातात घेऊन अदबीनं सांगितलं, की गोगोलसाहेब १८५२ साली वारले.

सभागृह हळहळलं. सभापती ताबडतोब उठले, दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली, वीस सेकंदांत ‘ओम शांती’ म्हणून बसले, आणि दौऱ्याच्या प्रस्तावात सत्कारासाठी धरलेली रक्कम आता कुठे वळवायची यावर चर्चा सुरू झाली. ती बहुधा नाट्यगृहाच्या खात्यात जाईल. तिथून ती जळायला सोपी पडते.